एसएसडी 'पुसली' म्हणतो तेव्हा आतून नेमकं काय पुसलं जातं

जुना लॅपटॉप कोणाला तरी द्यायचाय किंवा विकायचाय, आणि त्यातला डेटा असा घालवायचाय की परत कोणाच्या हाती लागता कामा नये, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदाच नीट लिहून काढतो. विचारणारे बहुतेक जण आधीच काहीतरी करून आलेले असतात. कोणी रिसायकल बिन रिकामी केलेली असते, कोणी फॉरमॅट मारलेलं असतं, आणि जरा जास्त काळजी घेणारे एखादं श्रेडर सॉफ्टवेअर रात्रभर चालवून, सात-सात वेळा ओव्हरराइट करून, म्हणजे जुन्या मजकुरावर दुसरंच काही लिहून, आलेले असतात, आणि तेच सगळ्यात निर्धास्त असतात. हार्ड डिस्क असती तर मीही म्हटलं असतं की बास, झालं काम. पण एसएसडीत, म्हणजे आजकालच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी असणाऱ्या चिपवाल्या ड्राइव्हमध्ये, ते सात वेळा लिहिलेलं भलतीकडेच जातं. ते का, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं फार अवघड नाहीये, म्हणून तिथूनच सुरू करू.

हार्ड डिस्क ही पाटीसारखी असते, जिथे लिहिलंय तिथेच पुसून तिथेच परत लिहिता येतं. कॉम्प्युटर म्हणाला अमुक नंबरच्या जागेवर शून्य लिही, की डिस्कचं हेड त्याच जागेवर जाऊन शून्य लिहितं, जुनं गेलं. एसएसडीत फ्लॅश चिप असतात आणि त्यांचा स्वभावच वेगळा आहे. त्यात लिहायचं ते पेज पेज करून, एक पेज साधारण 4 ते 16 किलोबाइटचं, पण पुसायचं असेल तर एकटं पेज पुसताच येत नाही, शेकडो-हजारो पेजेसचा अख्खा ब्लॉकच एकदम पुसावा लागतो. आणि लिहिलेल्या पेजवर परत लिहिता येत नाही, आधी तो ब्लॉक पुसला तरच. खरं तर 'फ्लॅश' हे नावच या पुसण्यावरून पडलंय, 1980 च्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी शोधली तेव्हा डेटा झटक्यात एकदम साफ होतो ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं म्हणून. इतकं झटपट पुसता येणारं हे माध्यम, आणि त्यातलं काय पुसलं गेलं याचीच खात्री आपल्याला बाहेरून करता येत नाही.

आता समजा तुम्ही एका फाइलमधली एक ओळ बदलली. त्या एका ओळीसाठी आख्खा ब्लॉक उचलून पुसून परत लिहिणं परवडणारं नाही, वेळही जातो आणि चिपही झिजते, कारण प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, आजकालच्या स्वस्त चिपमध्ये हा आकडा हजार-दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणून एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे आतला छोटा प्रोसेसर, काय करतो की नवीन मजकूर दुसऱ्याच एका रिकाम्या पेजवर लिहितो आणि आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतो की अमुक नंबरची जागा आता इथे आहे. जुनं पेज? ते तसंच पडून राहतं, जुन्या मजकुरासकट. त्यावर फक्त 'आता कामाचं नाही' अशी खूण होते, आणि कधीतरी सवडीने कंट्रोलर तो ब्लॉक मोकळा करतो. कधी करेल ते तोच ठरवतो.

मी हे समजावताना खिडकीचं उदाहरण देतो. एक मोठी रेकॉर्ड रूम आहे, तुम्हाला आत प्रवेश नाही, बाहेर एक खिडकी आहे आणि खिडकीत एक माणूस बसलाय. तुम्ही म्हणता 'पाच नंबरचा कागद द्या', तो देतो. तुम्ही म्हणता 'पाच नंबरच्या जागी हा कोरा कागद ठेवा', तो कोरा कागद घेतो, आत कुठल्यातरी रिकाम्या कप्प्यात ठेवतो, वहीत पाच नंबरसमोर नवीन कप्पा लिहितो. परत मागितलात तर कोराच मिळेल. पण जुना पाच नंबर आत एका कप्प्यात तसाच आहे, फक्त वहीत त्याचं नाव नाही. आता तुम्ही सात वेळा कोरा कागद दिलात तर आत सात कोरे कागद जातील, सात वेगवेगळ्या कप्प्यांत, आणि जुना कागद होता तिथेच. श्रेडर सॉफ्टवेअर एसएसडीवर एखादी फाइल 'सात वेळा ओव्हरराइट' करतं म्हणजे हेच करतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधल्या मायकेल वेई, स्टीव्हन स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं होतं. त्यांनी खिडकीवर भरवसा न ठेवता थेट चिप काढून त्यांच्यातला कच्चा डेटा वाचला. एकेक फाइल ओव्हरराइट करून पुसायच्या जितक्या पद्धती त्यांनी वापरून पाहिल्या त्यातली एकही एसएसडीवर पुरी पडली नाही, फाइलचा 4 ते 75 टक्के मजकूर आत सापडला, आणि काही फाइलींच्या तर 16 पर्यंत जुन्या प्रती आत पडलेल्या होत्या. म्हणजे तुम्ही एक फाइल पुसताय असं समजता आणि आत तिच्या सोळा प्रती, कारण दर वेळी सेव्ह केली की एक नवीन, आणि कंट्रोलर आपल्या सोयीसाठी डेटा इकडचा तिकडे हलवतो तेव्हाही एक प्रत मागे राहते.

35 वेळा ओव्हरराइट करायचा सल्लाही अजून फिरत असतो, तो संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या 1996 च्या पेपरमधून आलाय. तो पेपर त्या काळच्या चुंबकीय डिस्कबद्दल होता, आणि 35 हा आकडा वेगवेगळ्या जुन्या प्रकारच्या डिस्कसाठीचे पॅटर्न एकत्र केल्यामुळे झाला होता, गुटमन यांनीच नंतर लिहिलंय की नवीन डिस्कवर सगळेच्या सगळे 35 करण्यात अर्थ नाही. एसएसडीशी तर त्याचा काही संबंधच नाही. चिप झिजवण्यापलीकडे त्याने काही होत नाही, कृपा करून करू नका.

मग कोणी म्हणेल एक फाइल सोडा, अख्खा ड्राइव्हच शून्याने भरला तर? सगळे कप्पे कोऱ्या कागदांनी भरून टाकले की जुन्याला जागाच उरणार नाही. याने बरंच काही जातं हे खरं आहे, त्याच अभ्यासात अख्खा ड्राइव्ह दोनदा भरल्यावर बहुतेक वेळा डेटा गेला होता. बहुतेक वेळा, नेहमी नाही. कारण आत जितके कप्पे आहेत तितके तुम्हाला दाखवलेलेच नसतात. चिपमध्ये जागा 1024 च्या पटीत मोजलेली असते आणि बॉक्सवर 1000 च्या पटीत, आणि 256 चा ड्राइव्ह घेतला तर या दोन मोजमापांतला फरकच 7 टक्क्यांच्या आसपास होतो, ती जागा कंट्रोलर स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो, काही मॉडेलमध्ये त्याहूनही जास्त. शिवाय जे ब्लॉक खराब झाले म्हणून कंट्रोलरने बाजूला काढले त्यांच्यात शेवटी लिहिलेलं तसंच राहू शकतं आणि तिथे खिडकीतून कुठल्याच नंबरने पोचता येत नाही. 7 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण 256 गिगाबाइटचे 7 टक्के म्हणजे 17-18 गिगाबाइट, त्यात किती आधार कार्डं, बँक स्टेटमेंटं आणि घरचे फोटो मावतील हे तुम्हीच बघा.

इथे ट्रिमबद्दल बोलायला हवं, कारण त्याच्यावरून दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप पाठवते की या या नंबरच्या जागा आता लागत नाहीत. विंडोजमध्ये हे विंडोज 7 पासून आहे. कंट्रोलर वहीतून ती नोंद काढतो आणि त्यानंतर तो नंबर मागितला तर बहुतेक ड्राइव्ह शून्यच देतात. म्हणूनच एसएसडीवरून चुकून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा सापडत नाही, ज्यांचे फोटो असे गेलेत त्यांना हे चांगलंच माहितीय. पण शून्य मिळालं याचा अर्थ चिपवरचं पुसलं गेलं असा नाही, फक्त वहीतलं नाव गेलं. क्विक फॉरमॅटचंही तेच. आणि ट्रिम हा निरोपच आहे, पोचेलच असं नाही, एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडली असेल तर मधली चिप बरेचदा तो निरोप पुढे पाठवतच नाही, मग फाइल डिलीट केलेली असते आणि साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही ती परत येते. माझ्याकडे एकदा अशीच एक सेकंडहँड एसएसडी आली होती, यूएसबीतून फॉरमॅट केलेली, जोडून सहज स्कॅन लावला तर आधीच्या माणसाची अर्धी फोल्डरं नावासकट समोर. मी लगेच बंद केलं आणि ड्राइव्ह नीट पुसला, पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तर मग करायचं काय. खिडकीतून कागद बदलत बसण्यापेक्षा आतल्या माणसालाच सांगायचं की सगळे कप्पे रिकामे कर. एसएसडीत त्यासाठी कमांड असतात, बनवतानाच दिलेल्या. साटा आणि एनव्हीएमई हे ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडायचे दोन प्रकार आहेत. जुन्या साटा ड्राइव्हमध्ये सिक्युअर इरेज आणि एनहान्स्ड सिक्युअर इरेज, नव्या एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये फॉरमॅट कमांडचा सिक्युअर इरेज पर्याय, आणि या सगळ्यांत चांगली म्हणजे सॅनिटाइज, ती काही साटा ड्राइव्हमध्येही असते आणि एनव्हीएमईमध्ये 2017 च्या 1.3 आवृत्तीपासून आली. विंडोजमध्ये उजवी क्लिक करून जो फॉरमॅट येतो तो आणि ही एनव्हीएमईची फॉरमॅट कमांड या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एकच असल्यामुळे इथे खूप घोळ होतो.

सॅनिटाइज मला जास्त का आवडते ते सांगतो. एक म्हणजे ती राखीव जागा, कॅश, वहीतून नाव गेलेले कप्पे, सगळं धरून पुसते, खिडकीतून दिसणाऱ्या नंबरांपुरती नाही. दुसरं म्हणजे एकदा सुरू झाली की मधेच थांबवून ड्राइव्ह वापरता येत नाही, वीज गेली आणि परत आली तर ड्राइव्ह ते काम पुढे चालू करतो आणि ते पुरं झाल्याशिवाय कोणाला काही वाचू देत नाही. तिच्यात प्रकार आहेत, ब्लॉक इरेज म्हणजे सगळे ब्लॉक खरोखर पुसायचे, क्रिप्टो इरेज म्हणजे किल्ली नष्ट करायची (हिच्याबद्दल पुढे), आणि ओव्हरराइट, जो फ्लॅशसाठी उगाच झीज करणारा आहे, तो सोडून द्या. फ्लॅशमध्ये ब्लॉक पुसणं मुळातच झटपट असल्यामुळे अख्खा ड्राइव्हसुद्धा बरेचदा काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत होतो, इतक्या लवकर झालं म्हणून काही झालंच नाही असं वाटून घेऊ नका.

कमांड चालवायची कुठून? सगळ्यात सोपं म्हणजे मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये बघा, बऱ्याच बोर्डांवर आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह पुसायचा पर्याय तिथेच असतो. नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं टूल, जसं सॅमसंगचं मॅजिशियन किंवा क्रूशलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह. आणि लिनक्स येत असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून साटासाठी एचडीपार्म आणि एनव्हीएमईसाठी एनव्हीएमई-सीएलआय ही टूलं, मी स्वतः हेच वापरतो कारण ड्राइव्ह काय काय करू शकतो ते तिथे स्पष्ट दिसतं आणि सॅनिटाइज कुठवर आली त्याचा लॉगही बघता येतो. एचडीपार्मने साटा ड्राइव्ह बघितला तर बरेचदा 'फ्रोझन' असं दिसतं, म्हणजे बायोसने सुरू होतानाच सिक्युरिटी कमांडना कुलूप लावलंय, ते चुकून किंवा व्हायरसने ड्राइव्ह पुसू नये म्हणून. कॉम्प्युटर एकदा स्लीपमध्ये घालून परत उठवला की बहुतेक वेळा ते सुटतं. पुसण्याआधी एक तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो, तो अगदी साधा ठेवा आणि लिहून ठेवा, कारण मधेच वीज गेली तर ड्राइव्ह कुलूपबंद राहतो आणि तो पासवर्ड आठवला नाही तर पंचाईत होते. आणि हे सगळं यूएसबी केसमधून अजिबात करू नका, ड्राइव्ह थेट बोर्डाला जोडा. आणि कमांड मारायच्या आधी ड्राइव्हचं नाव दोनदा वाचा, मॉडेल नंबरसकट, मशीनमध्ये दोन ड्राइव्ह असतील तर शक्यतो दुसरा काढूनच ठेवा, इथे अनडू नाही.

आता यातली खरी अडचण. आतल्या माणसाला सांगितलं आणि तो म्हणाला 'झालं साहेब, सगळं साफ', तर त्याचं खरं मानायचं का? त्याच 2011 च्या अभ्यासात 12 ड्राइव्ह तपासले होते, 8 म्हणाले आम्हाला सिक्युअर इरेज येतं, त्यातला एक एन्क्रिप्शनवाला, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवणारा असल्यामुळे त्याचं तपासता आलं नाही, उरलेल्या 7 पैकी 4 मध्येच ते भरवशाने झालं. आणि एका ड्राइव्हने तर काम यशस्वी झालं म्हणून सांगितलं आणि आतला सगळाच्या सगळा डेटा जागेवर होता. तेव्हाचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं होतं, आज परिस्थिती बरीच बरी आहे, पण मुद्दा तोच राहतो, पुसल्यावर तुम्ही सगळा ड्राइव्ह वाचून शून्य आलेलं बघितलंत तरी ते खिडकीतूनच बघितलेलं असतं. ही तपासणी तरीही करावी, कारण कमांड चाललीच नसेल तर निदान ते कळतं. पण शून्य दिसलं म्हणजे सगळं गेलं असं छातीठोकपणे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून माझं ठाम मत झालंय की पुसायची तयारी ड्राइव्ह विकायच्या दिवशी करायची गोष्टच नाही, ती ड्राइव्ह नवा असताना करायची. पहिल्या दिवशी, एकही फाइल टाकायच्या आधी, पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन चालू करा. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. मग आत कितीही कप्प्यांत कितीही जुन्या प्रती पडू देत, राखीव जागेत असोत की खराब ब्लॉकमध्ये, सगळे कागद अशा लिपीत लिहिलेले की किल्लीशिवाय वाचता येत नाहीत. पुसायचं म्हणजे मग फक्त ती किल्ली घालवायची, टेराबाइटभर डेटाऐवजी 32 बाइटची किल्ली. याला क्रिप्टो इरेज म्हणतात. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या 2014 च्या 800-88 या मार्गदर्शिकेच्या सुधारित आवृत्तीतही ही पद्धत मान्य केलेली आहे. आयफोन आणि आजकालचे अँड्रॉइड फोन फॅक्टरी रीसेटला हेच करतात, म्हणून तिथे रीसेट इतका पटकन होतो आणि तरी भरवशाचा असतो, नवीन मॅकवरही सगळं पुसायचा जो पर्याय आहे तो याच तत्त्वावर चालतो.

'नवा असताना' यावर मी जोर देतोय त्याचं कारण आहे. दोन वर्षं वापरलेल्या ड्राइव्हवर आज एन्क्रिप्शन चालू केलं तर आज दिसणाऱ्या फाइली एन्क्रिप्ट होतील, पण त्यांच्या जुन्या साध्या प्रती आतल्या कप्प्यांत राहिलेल्या असू शकतात. त्यात बिटलॉकर विचारतो की फक्त वापरातली जागा एन्क्रिप्ट करू की सगळी, आणि वापरलेल्या ड्राइव्हवर घाईत पहिला पर्याय निवडला तर डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष तसेच उघडे. अशा वेळी शक्य असेल तर बॅकअप घ्या, ड्राइव्ह सॅनिटाइज करा, एन्क्रिप्शन चालू करून मग डेटा परत टाका. थोडा वेळ जातो पण एकदाच.

काही एसएसडी स्वतःच आतल्या आत एन्क्रिप्ट करतात, तुम्ही काही केलं नाहीत तरी, आणि त्यांच्यावर सिक्युअर इरेज दिली की त्या आतली किल्ली बदलतात. चांगलंच आहे, पण एकट्या त्याच्यावर मी विसंबून राहणार नाही. 2018 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टेल यांनी काही प्रसिद्ध कंपन्यांच्या ड्राइव्हमधलं हे एन्क्रिप्शन पासवर्ड माहीत नसतानाही ओलांडता येतं हे दाखवलं होतं, आणि तेव्हा बिटलॉकर अशा ड्राइव्हवर स्वतः एन्क्रिप्ट न करता ड्राइव्हवरच सोपवून मोकळा व्हायचा, नंतर 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदललं. सॉफ्टवेअरचं एन्क्रिप्शन वर आणि ड्राइव्हचं आत, दोन्ही असू देत.

पासवर्डबद्दल पण एक सांगतो, कारण इथे माहीतगार लोकही चुकतात. लक्समध्ये खरी किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या भागात तुमच्या पासवर्डने कुलूपबंद करून ठेवलेली असते. तो भाग पुसला की डेटा गेला असं मानतात, पण तो भागही शेवटी त्याच एसएसडीवर आहे, म्हणजे त्याचीही जुनी प्रत आत राहू शकते, आणि पूर्वी कधी कच्चा पासवर्ड ठेवून नंतर बदलला असेल तर त्या कच्च्या पासवर्डवाली प्रतसुद्धा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून लांबलचक पासवर्ड ठेवा, आणि विकताना किल्लीचा भाग पुसल्यावर सॅनिटाइजही चालवा. दोन्ही एकाच वेळी फसायची शक्यता फार फार कमी उरते.

एकच फाइल कायमची घालवायची असेल तर? एसएसडीवर त्याला प्रामाणिक उत्तर नाहीये. ॲपलने 2015 मध्ये एल कॅपिटन या आवृत्तीपासून मॅकमधला 'सिक्युअर एम्प्टी ट्रॅश' हा पर्याय काढूनच टाकला, कारण फ्लॅशवर फाइल नक्की पुसली जाईल याची हमी देता येत नव्हती, आणि मला हा निर्णय योग्य वाटतो, खोटी खात्री देणारं बटण नसलेलंच बरं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांचं तर आणखी अवघड, तिथे सहसा पुसायची अशी कमांडच नसते, म्हणून त्यांच्यावर खाजगी काही ठेवायचं असेल तर एन्क्रिप्ट करूनच ठेवा.

राहिला बंद पडलेला ड्राइव्ह, जो ओळखलाच जात नाही. त्याला कमांड देता येत नाही, पण चिप चांगल्या असू शकतात आणि त्या काढून वाचणारे लोक आहेत. एन्क्रिप्ट केलेला असेल तर तो तसाच टाकला तरी मला चिंता वाटणार नाही. नसेल तर फोडायलाच हवा, आणि तोही बघून. चुंबकाने काहीही होत नाही, फ्लॅशमध्ये चुंबकीय काही नसतंच. अडीच इंची साटा एसएसडीच्या केसमध्ये बरेचदा छोटासा बोर्ड आणि बाकी नुसती मोकळी जागा असते, मधोमध ड्रिल मारलं तर भोक त्या मोकळ्या जागेतूनच आरपार जाईल आणि चिपला ओरखडाही येणार नाही. म्हणून केस उघडा, बोर्ड बाहेर काढा, काळ्या चौकोनी चिप बघा, कधी दोन्ही बाजूंना असतात, आणि एकूण एक चिपचे तुकडे करा, अर्धी राहिली तरी चालेल असं नाही, कारण एका चिपच्या आतही बरेचदा अनेक थर एकावर एक रचलेले असतात. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या निकषात एसएसडीचे तुकडे 2 मिलिमीटरपर्यंत बारीक करायला सांगितलंय, घरी तितकं जमणार नाही, पण चिप चुरा होईपर्यंत ठोका, डोळ्यांवर चष्मा लावून. जाळू नका किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, विषारी धूर येतो, आणि फोन किंवा टॅबलेट असेल तर आधी बॅटरी काढल्याशिवाय त्याला हातोडा लावू नका, लिथियमची बॅटरी पेट घेते.